कंट्रोलर आणि बाहेरचे देश

सुदाम तायडे याला आमच्या दहा गावांत कोणी सुदाम म्हणत नव्हतं. सगळे कंट्रोलर म्हणायचे. रिसोडच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या सांगण्यात त्याची सारी नोकरी गेली. निवृत्त होऊन गावात आला तो तोच आवाज अंगात घेऊन आला. घरात चहा मागायचा तरी "लक्ष द्या" म्हणून सुरू करायचा आणि दोनदा सांगायचा. बायको म्हणायची, "आयकू आलं हो पयल्याच डावात. इथं काय स्टँड हाये?"

त्याचं एक वाक्य होतं. "बाहेर काय दिसन?"

बाहेर म्हणजे गावाबाहेर नाही, तालुक्याबाहेर नाही, मुंबईत पण नाही. बाहेर म्हणजे परदेशात. ग्रामपंचायतीची नाली तुंबली, दोन भाऊ बांधावरून भांडले, पोळ्याला बैल कोणाचा पुढं यावरून तोंडातोंडी झाली, की कंट्रोलर मधी येऊन उभा. हात मागं बांधलेले, मान थोडी वर, जशी काही समोर गाडी लागून राह्यली. "व्हय, व्हय. पन याचं बाहेर काय दिसन?"

लोक हसायचे. मी पण हसलो. पण मी एक सांगतो, हसणारा माणूस कुऱ्हाड उचलत नाही.

दहागाव आघाडी त्यानंच काढली. मेडशीहून आत डोंगराकडं जो रस्ता जातो त्यावर आमची दहा गावं, एकामागं एक. एकेकट्या गावाची मतं इतकी थोडी की निवडणुकीत एक जीप यायची, एका गावाला एक भजनाचा पेटीतबला, एका गावाला क्रिकेटची बॅट देऊन निघून जायची. कंट्रोलर म्हणाला, दहा गावं एका जागी मत टाकू. आणि मागायची एकच गोष्ट, बस. रस्ता झाला होता, डांबर पडलं होतं, पण त्यावर गाडी येत नव्हती. पोरी दहावीपर्यंत दहातल्याच तळ्याच्या गावच्या शाळेत चालत जायच्या. दहावी झाली की घरी बसायच्या, कारण वाशिमचं कॉलेज पायी कोण गाठणार?

मी एकदा त्याला विचारलं, "तुले पोरगी नाई, नात नाई. तू काहून एवढा जीव काढून राह्यला बसवर?"

त्यानं हात मागं बांधले. मग म्हणाला, "भाऊ, म्या साऱ्या दुनियेची नावं घेतली त्या माइकवर. धनजचं घेतलं, पुसदचं घेतलं, हैदराबादचं घेतलं. आपल्या दहातल्या एका गावाचं नाव घ्याची पाळी नाई आली. जे गाव माइकवर येत नाई ते हाये का नाई, कोनाले मालूम?"

आता त्यात परदेश कुठून आला, तर त्याचा हिशेब सरळ होता. "आमदार आपलं आयकत नाई. मोठे साहेब आयकत नाईत. पन बाहेरच्या एखांद्या देशानं नुसतं विचारलं ना, बाप्पा हे दहागाव काय हाये, तं दोघंई चप्पल न घालता धावत येतीन."

म्हणून आघाडीचा प्रत्येक ठराव तो परदेशी वकिलातींना पाठवायचा. दिल्लीतल्या वकिलातींचे पत्ते त्यानं कुठल्यातरी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून उतरवले होते. लेटरहेड छापलं, 'दहागाव आघाडी', खाली बारीक अक्षरात 'परराष्ट्र कक्ष'. कक्षात एक खुर्ची होती, तिचा एक पाय विटेवर. मराठीतच लिहायचा. मी म्हटलं, "त्यायले मराठी येते का?" तर म्हणे, "गरज त्यायची हाये. शिकतीन."

एका देशानं उत्तर दिलं. त्या देशाचं नाव मी इथं घेणार नाही. तसा आघाडीचा ठराव आहे, तो कसा झाला ते पुढं येईलच, आणि मी ठराव पाळणारा माणूस आहे. उत्तर म्हणजे एक कॅलेंडर. बारा महिने बारा गायी, मागं बर्फाचे डोंगर. चिठ्ठी वगैरे काही नाही. कंट्रोलरनं ते कक्षात लावलं आणि सभेत सांगितलं, "आघाडीची दखल घेतल्या गेली आहे." त्यात पोळा नव्हता, चौदा एप्रिल नव्हता, ईद नव्हती. पण गायी चांगल्या होत्या. रस्त्याच्या शेवटाला, डोंगराशी जे वरचं गाव, तिथले लोक मुद्दाम पाहायला आले. एक जण गायीच्या कासेवर बोट ठेवून म्हणाला, "ज्या देशाची गाय अशी, तो देश आपल्याशी खोटं बोलनार नाई."

एका उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्यावरून दोन गावं काठ्या घेऊन समोरासमोर आली. कंट्रोलर वही-पेन घेऊन मधी जाऊन बसला. "मारा. माही ना नाई. पन उद्याच्या टपालानं मले बाहेर कळवा लागन. तं आधी मजकूर सांगा. कोनी कोनाले पयले मारलं असं लिहू?" झालं. "आमी पयले असं नको लिहू," "आमी काहून पयले? तुमी शिव्या देल्या ते लिही." मजकूर ठरता ठरता ऊन डोक्यावर आलं. शेवटी दोन्ही गावांना मान्य होईल असा मजकूर निघाला तो असा, की दोन्ही गावं तळ्यावर भेटली आणि पाण्याबद्दल बोलली. आता असं कागदावर आलंच आहे तर, म्हणून दोन्ही गावं खाली बसून पाण्याबद्दल बोलली.

आघाडीची एक रीत होती ती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं. रोडग्याशिवाय सभा नाही. दर गावानं आपापलं पीठ आणायचं, तिथंच मळायचं, गोळे करायचे. गवऱ्या माझ्याकडच्या. एकच विस्तव, त्यात दहाही गावांचे रोडगे एकदम टाकायचे, काठीनं हलवायचे, आणि निघतील तसे वाढायचे. कोणाच्या घरचा रोडगा कोणाच्या पानात पडला हे कोणालाच कळू नये अशी रीत. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पहिल्या वर्षी दोनतीन म्हाताऱ्यांनी आपला रोडगा ओळखू यावा म्हणून त्यावर बोटानं खुणा केल्या. कंट्रोलरनं खुणेचे रोडगे बरोबर शोधले आणि सगळ्यांत खाली टाकले. वर आले तेव्हा खूण राखेत गेली होती.

असं का करतो, हे त्यानं सभेत कधी सांगितलं नाही. मला एकदा विस्तवापाशी बसून सांगितलं. त्याचा बाप सालदार, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा. लग्नाच्या पंगतीचं बोलावणं यायचं, पण पान गोठ्याकडं, लांब, आणि वाढायचं वरून. छप्पन साली बापानं धम्म घेतला आणि त्या पंगतींना जाणं सोडलं. "माहा बाप म्हने, भूक परवडते, लांबचं पान नाई परवडत," कंट्रोलर म्हणाला, आणि काठीनं विस्तव हलवू लागला.

मग ती बाई आली.

त्या कॅलेंडरवाल्या देशातली. शिकणारी बाई होती, विद्यापीठातली, लहान लहान भागांतल्या राजकीय आघाड्यांचा अभ्यास करायची. कंट्रोलरचं एखादं पत्र वकिलातीतून फिरत फिरत तिच्या टेबलावर गेलं म्हणे. तिचं पत्र आलं की अमुक दिवशी येते. त्या दिवशी कंट्रोलरनं ते पत्र दहाही गावांत फिरवलं.

आणि तिथंच त्याची चूक झाली. तो म्हणाला, "त्या दिवशी रोडगे नाई. धूर नाई, राख नाई. राजकीय सभा दिसली पायजे. टेबल, खुर्च्या, पान्याच्या बाटल्या, विषयपत्रिका."

रशीदभाई म्हणजे तळ्याच्या गावचा गिरणीवाला, आघाडीचा उपाध्यक्ष, कंट्रोलरला तोंडावर बोलणारा एकटा माणूस. तो म्हणाला, "कंट्रोलरसाब, विषयपत्रिका खाऊन पोट भरते का? लोक कायले येतीन?"

"देशासाठी येतीन."

नाही आले. बाई आली, तिच्यासंगं पुण्याचा एक दुभाष्या आला, आणि शंभर खुर्च्यांवर आम्ही सात जण. त्यात एक जण खुर्च्या भाड्यानं देणारा. कंट्रोलर रस्त्याकडं पाहून राह्यला. बाई वहीत काहीतरी लिहून राह्यली. रशीदभाई माझ्या कानाला लागला, "दादा, पेटवा." मी कंट्रोलरकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मी पेटवलं.

धूर वर गेला. अर्ध्या तासात वरच्या गावच्या बायका पिठाची टोपली डोक्यावर घेऊन आल्या, "अबे, सभा हाये तं सांगाव ना!" त्यांच्यामागं दहाही गावं. मग जे व्हायचं ते झालं. मीठ जास्त की कमी, गोळा घट्ट की सैल, आता पलटा, आता नका पलटू. बाईला वाटलं भांडण पेटलं, ती उठून उभी राहिली. सरूबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्या हातात कणकेचा गोळा दिला. सरूबाई वरच्या गावची, वय ऐंशीच्या पुढं, कोणाच्या बापाला न भिणारी.

पंगत झाली. बाईनं तीन रोडगे खाल्ले, वर तूप. दुभाष्यानं पाच. ज्यांनी रोडगे खाल्ले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. कंट्रोलर उठला, 'दहागाव आघाडी आणि जग' या विषयावर पाऊण तास बोलला, प्रत्येक वाक्य दोनदा. दुभाष्या लिंबाखाली तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. बाई त्याच लिंबाच्या दुसऱ्या बाजूला, वही पोटावर. कंट्रोलरला ते दिसत होतं. तरी तो शेवटपर्यंत बोलला. मी जागा होतो. भाषण चांगलं होतं.

पुढं सात-आठ महिन्यांनी टपालानं तिचं जाड पुस्तक आलं; जाताना ती पाठवते म्हणून सांगून गेली होती. तेव्हा आघाडीचं काही खरं नव्हतं. मोठ्या पक्षाचे लोक फिरून राह्यले होते. तीन गावांना सांगितलं होतं, आघाडी सोडा, तुमच्यापुरती गाडी देतो. तीन गावं सुटली की उरलेल्या सातांना कोण विचारतो, आणि त्या तिघांना तरी मागून कोण विचारणार होतं? येत्या रविवारच्या सभेत ती तीन गावं उठून जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कंट्रोलर म्हणत होता, "थांबा, बाहेरचं पुस्तक येऊन राह्यलं. ते पाहा आन् मंग जा." नुसत्या त्या एका शब्दावर लोक थांबले होते.

माझी सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिनं डिक्शनरी घेऊन दोन दिवसांत त्यातलं आमच्यावरचं इंग्रजी पान लावलं. आमच्या ओसरीवर आम्ही तिघं, मी, कंट्रोलर आणि रशीदभाई. एक पान, एक फोटो. फोटोत राखेतले रोडगे आणि कोणाचा तरी अर्धा हात. सुनेनं वाचलं, "या दहा गावांतील लोक ठरावीक दिवशी एकत्र येऊन राखेत पिठाचे गोळे भाजतात. सभासद होण्यासाठी पीठ आणावे लागते. एक वयस्कर गृहस्थ विस्तवाची देखरेख करतात. राजकीय हालचाल आढळली नाही. गोळे चविष्ट, किंचित करपलेले."

ते करपलेले नव्हते. विस्तव माझा होता, मी इथं लिहून ठेवतो.

कंट्रोलर म्हणाला, "पुढं?"

"पुढं दुसऱ्या देशाचं आहे, काका."

रशीदभाईनं पुस्तक मिटलं. "साब, एक डाव झूट बोला. कोनाले इंग्रजी येते इथं? सांगा, लय तारीफ केली, सारी दुनिया पाहून राह्यली. दहा गावाचं भलं व्हते. गुनाह असन तं माह्या खात्यात टाका."

मी पण तेच म्हटलं.

कंट्रोलर उठला. "रशीदभाई, तीस वर्सं म्या लेट गाडीले लेट सांगतलं. लोकायनं काचेवर थुकलं, शिव्या देल्या, पन जे गाडी दोन तास लेट हाये ते वेळेवर हाये असं म्या नाई सांगतलं. आता या वयात सांगू?"

"मंग आघाडी तुटन."

"तुटन."

रविवारी सभेला तो उभा राहिला. चेहरा राखेसारखा. "लक्ष द्या," म्हणाला. आणि पूर्ण वाचलं, विस्तवाची देखरेख करणारे वयस्कर गृहस्थ यासकट. सवयीप्रमाणं दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी 'राजकीय हालचाल आढळली नाही' हे सुद्धा गाळलं नाही. मग कागदाची घडी घालून खाली बसला.

त्या तीन गावांचे पुढारी चप्पल शोधायला लागले.

तेवढ्यात सरूबाई बोलली, "फोटू दाखव."

पुस्तक हातोहात गेलं. तिनं डोळ्याला लावलं. "हे रोडगे आमचे हायेत."

"तुमचे कसे?" चप्पल घालता घालता एक पुढारी थांबला. "हे आमच्या गावचे. आमचेच असे चपटे राह्यतात."

"चपटं तं तुयं नाक हाये! म्या हातानं केले ते मले नाई ओळखू येत?"

दहाही गावं फोटोवर पडली. ज्या रोडग्यांवरची खूण पुसण्यासाठी आम्ही इतकी वर्षं काठी हलवली, तेच रोडगे आता प्रत्येक गावाचे निघाले. आणि मग सोडून जाणाऱ्या तिघांतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "आमी आघाडी सोडली तं फोटूतला हक्क जाईन का?"

रशीदभाईनं एक क्षण लावला नाही. "जाईन ना. पुस्तकात आघाडी छापली हाये, गाव नाई छापलं."

पुढाऱ्यानं चप्पल काढली.

मग कोणीतरी विचारलं, "थांबा. करपलेले म्हनलं का त्या बाईनं?"

मी इतकी वर्षं सभा पाहिल्या, पण तशी एकी पाहिली नाही. तीन-तीन रोडगे खाऊन, वरून तूप घेऊन, आमच्या लिंबाखाली झोपून, मागून करपलेले! वीस मिनिटांत दोन ठराव झाले. एक, त्या देशाचं नाव दहा गावांत कोणी घेणार नाही. दोन, मेडशीला रस्ता रोको, देशानं माफी मागेपर्यंत. कंट्रोलर हात वर करून सांगत होता, "अरे, त्यानं बाहेर काय दिसन?" कोणी ऐकलं नाही. कक्षातल्या गायी सुद्धा भिंतीकडं तोंड करून लावल्या.

मेडशीला आम्ही रस्त्यावर बसलो, बायका पुढं. जमादार वही घेऊन आला. "कोनाच्या विरोधात?"

"एका देशाच्या."

"कोनता देश?"

"नाव घेता येत नाई. ठराव हाये."

तो बिचारा पेन हातात धरून उभाच राहिला. दोन्हीकडून गाड्या लागल्या. अकोल्याच्या, वाशिमच्या. कंट्रोलरला ते बघवेना. ज्यानं सारा जन्म गाड्या सोडल्या त्याच्यासमोर गाड्या अडलेल्या. तो एकेका गाडीत चढून प्रवाशांना सांगून राह्यला, "लक्ष द्या, ही गाडी अंदाजे दीड तास उशिरा सुटेल. आघाडी दिलगीर आहे."

दुपारी एस.टी.चे एक साहेब जीपमधून आले. भला माणूस होता, घामानं भिजलेला. म्हणाले, "दुसऱ्या देशाची माफी मी कुठून आणू? माझ्या हातात नाही ते."

रशीदभाईनं विचारलं, "मंग तुमच्या हातात काय हाये, साहेब?"

"माझ्या हातात?" साहेबांनी मागं लागलेल्या गाड्यांकडं पाहिलं. "माझ्या हातात बस आहे फक्त."

रशीदभाई आमच्याकडं वळला. "माफीच्या बदल्यात बस चालन का?"

सरूबाई म्हणाली, "सकाळची पायजे. कॉलेजच्या टायमाची. आन् वरच्या गावापासून."

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून तिथंच लिहून घेतलं. आम्ही उठलो. नंतर कागद अडकला, सुटला, पुन्हा अडकला, आम्ही पुन्हा दोनदा जाऊन आलो, पण पंधरा ऑगस्टच्या आधी गाडी आली. पाटीवर आमच्या दहातल्या शेवटच्या गावाचं नाव. त्या दिवशी नारळ फोडायला मोठ्या पक्षाचे लोक हजर होते. कंट्रोलरला स्टेजवर बोलावलं नाही. त्यालाही ते फार लागलं असं दिसलं नाही. त्याला लागलं होतं ते दुसरंच. संध्याकाळी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "भाऊ, एक राजकीय हालचाल आढळली असती तं काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, "झोपलेल्या माणसाले काय आढळते?"

तो हसला नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच गाडीत. तो डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला निघाला होता, मेडशीला गाडी बदलणार होता. मी वाशिमला निघालो होतो. गाडी पोरींनी गच्च भरलेली. कंडक्टर नवा, बाहेरच्या जिल्ह्यातला. तो तिकीट फाडत असताना मागच्या सीटवरच्या माणसानं त्याला विचारलं, "या आडरानात गाडी आनली कोनं?"

कंडक्टर म्हणाला, "असन कोनी आमदार."

मी तोंड उघडलं. कंट्रोलरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. मग त्यानंच कंडक्टरला विचारलं, "वरच्या गावाहून पोरी किती बसतात?"

"अकरा. काहून?"

"काई नाई."

मेडशीला तो उतरला, पिशवी घेऊन, एक डोळा बारीक करून. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढ्यात कंट्रोलरला चौकाकडून एक पोरगी पळत येताना दिसली, ओढणी एका हातात, दप्तर एका हातात. तो गाडीच्या पुढं जाऊन उभा राहिला. हॉर्न वाजला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ बुढे! मराचं हाये काय? हटा तिथून!" लोक वळून पाहू लागले. कंट्रोलर हटला नाही. गाडीकडं पाठ करून, त्या पोरीकडं तोंड करून उभा राहिला, ती दारात चढेपर्यंत. मग एक पाऊल बाजूला झाला आणि गाडी निघाली.